सातवा रकाना

बंगळूरहून परत येऊन आठ दिवस झाले. भेटेल तो विचारतो, हवा कशी होती? हवा छान होती. इथे सांगलीत घामाच्या धारा लागल्या होत्या तेव्हा तिथे मी संध्याकाळी शाल पांघरून बसत होते. झाडं भरपूर आहेत, रस्त्यावर फुलांचे सडे पडतात, आणि कॉफी अशी मिळते की आपल्याकडच्या टपरीवरच्या चहाचा राग यावा. हे सगळं खरं आहे आणि ते सांगून झालं. आता उरलेलं सांगते. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही, आणि ते व्हावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

मी गाते. म्हणजे विचारलं तर असं सांगते. खरं म्हणजे गेली वीसेक वर्षं मी गाण्यापेक्षा गाण्याचं दप्तरच जास्त सांभाळलं. इथल्या एका संगीतसंस्थेची मी कार्यवाह आहे. मैफली ठरवायच्या, सतरंज्या मोजून घ्यायच्या, कलाकारांचे रुसवे काढायचे, शाळांतून आणि वस्त्यांतून गाण्याचे वर्ग चालवायचे आणि त्यांचे अहवाल लिहायचे. सकाळी पाऊण तास रियाज, मग दिवसभर फायली. त्यामुळे बंगळूरच्या एका कलासंस्थेनं त्यांच्या वस्तीवर्गांची पाहणी करायला बोलावलं तेव्हा वाटलं, चार दिवस दुसऱ्यांच्या फायली बघू, डोसे खाऊ आणि येऊ.

एचएसआर लेआउट

या भागात रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. अमुकावा क्रॉस, तमुकावा मेन, शिवाय सेक्टर. आपल्याकडे ‘मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ म्हटलं की परका माणूसही पोचतो. इथे माझ्या रिक्षावाल्यानं एकाच बागेला तीन फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीला तो ‘स्वल्प मुंदे’ म्हणायचा, म्हणजे जरा पुढे, आणि आम्ही पुन्हा त्याच बागेशी यायचो. शेवटी ऋजुता स्वतः चौकात येऊन उभी राहिली.

ऋजुता ही त्या कलासंस्थेची कार्यक्रमप्रमुख. ही पूर्वी आमच्या सांगलीच्या संस्थेत माझ्या हाताखाली चार वर्षं होती. हुशार, कामसू, कागद एकदा वाचला की विसरायची नाही. लग्न होऊन इकडे आली आणि इथे मोठी झाली. मला बघून तिनं भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मग आम्ही कोपऱ्यावर उभ्यानं ताटलीएवढी इडली खाल्ली. हिला तट्टे इडली म्हणतात, एक खाल्ली की दुपारचं जेवण विसरावं. इथे लोक खातात उभ्यानं, पण घाई करत नाहीत. आपण बसून खातो आणि घाई करतो.

संध्याकाळी तिनं त्यांचा सगळ्यात यशस्वी वर्ग दाखवला. एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पंचवीसेक माणसं, बहुतेक कंपन्यांतून काम करणारी, एकसारखे टीशर्ट घालून. तंबोऱ्याच्या जागी स्पीकर. स्पीकरमधून काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, सूर येत होता आणि बायका-पुरुष सगळे त्याच पट्टीत गात होते. पुरुष खाली गुरगुरत होते, निम्म्या बायका वर ताणत होत्या, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. तीन भजनं झाली, चित्रण झालं, टाळ्या झाल्या. त्या माणसांना आनंद होत होता, तो मी नाकारत नाही. पण कुणाच्या कानात कुणी काही घातलेलं नव्हतं. मी ऋजुताकडे पाहिलं. ती म्हणाली, “मॅम, वर्षात बारा गाणी आणि चार परफॉर्मन्स. डेटा एकदम क्लीन आहे.”

मग तिनं खरं कारण सांगितलं. त्यांचे चार वर्ग आहेत. त्यातला हेब्बाळचा वर्ग विश्वस्तांना या महिन्याअखेर बंद करायचा आहे, कारण वर्षभरात तिथे एकच रचना झाली आणि कार्यक्रम एकही नाही. बाहेरच्या परीक्षकाची तशी शिफारस लागते. परीक्षक म्हणजे मी. तिनं एक फाइल माझ्या हातात दिली, त्यात प्रगती तक्ता होता. मी ती न उघडता पिशवीत टाकली. म्हटलं, आधी वर्ग बघते.

हेब्बाळ

हेब्बाळला तळं आहे. तळ्याच्या एका अंगाला काचेच्या कचेऱ्या आणि उंच इमारती, आणि त्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या घरांची वस्ती. इमारतींतल्या स्वयंपाकाच्या, भांड्यांच्या आणि झाडलोटीच्या बायका या वस्तीत राहतात. वर्ग दुपारी दोन ते चार, देवळाच्या मागच्या खोलीत. ही वेळ का, तर सकाळची घरं दीडला संपतात आणि संध्याकाळची साडेचारला सुरू होतात. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा, आणि तो त्या इथे देतात.

वर्ग चालवतात श्यामलाक्का. वय पासष्टीच्या पुढे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. घराणं मराठी, पण असं की मराठा फौजेबरोबर इकडे येऊन साडेतीनशे वर्षं झाली. त्यांची मराठी ऐकायला फार गोड, मधेच कन्नड वळण घेते आणि पुन्हा घरी येते. मला बघितल्यावर पहिल्यांदा त्यांनी कॉफी दिली, मग चौकशी केली, आणि मग खोलीतला तंबोरा दाखवला. तो मिरजेचा होता. माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर घडलेला तंबोरा इथे पत्र्याच्या वस्तीत बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

चौदा बायका आल्या. हातांना भांड्यांच्या साबणाचा वास, पिशवीत डबा. बसल्या त्या एका ओळीत नाहीत, तीन-तीन, चार-चारच्या घोळक्यानं, एका पट्टीच्या आवाजांचा एक घोळका. श्यामलाक्कांनी तंबोरा एका घोळक्यासाठी लावला, त्यांना वीस मिनिटं सा लावायला सांगितला, मग खुंट्या फिरवून दुसऱ्या घोळक्यासाठी लावला. पुन्हा सा. मग पुन्हा खुंट्या. मी घड्याळ बघायला लागले. हे मी लपवत नाही. मला वाटलं, बाई भल्या आहेत, पण दोन तासांतला निम्मा वेळ जर तंबोरा लावण्यात गेला तर गाणी होणार कधी?

मी विचारलं तसं त्या म्हणाल्या, “पहिले सहा महिने मी फक्त एकेकीचा सा शोधला हो. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात हळू बोलतात या. आवाज कुठं आहे तेच माहीत नव्हतं त्यांना.”

शेवटच्या घोळक्यात गौरम्मा होती. चाळिशीची, रायचूरकडची, तीन घरी स्वयंपाक करते. तिचा आवाज खूप खालचा, पांढरी चारला बसणारा. सात महिने ती वर्गात येऊन नुसती बसायची. आपला आवाज पुरुषी आहे, तो काढायचा नसतो, असं तिला लहानपणीच कुणी सांगितलेलं. श्यामलाक्कांनी एक दिवस सगळा तंबोरा उतरवून तिच्या बोलण्याच्या आवाजाला लावला, तेव्हा ती पहिल्यांदा गायली. हे ऐकून मला भरून आलं आणि त्या भरात मी एक आगाऊपणा केला. म्हटलं, आणा तो तंबोरा, यांना मी लावून देते.

बसले. तारा छेडल्या, कान लावला आणि खुंटी पिळायला लागले. गौरम्मा समोर बसली आहे, तिची पट्टी पांढरी चार आहे, हे मला दोन मिनिटांपूर्वी सांगितलेलं. पण हात कुणाचे? माझे. तीस वर्षांत या हातांनी तंबोरा एकाच पट्टीला लावला आहे. मी सरळ माझ्या, तिच्याहून बऱ्याच वरच्या, काळी चारला निघाले. श्यामलाक्का ‘स्वल्प थांबा’ म्हणेपर्यंत जोडीची तार टणकन तुटली आणि माझ्या मनगटावर लालभडक वळ उठला.

मिरजेच्या शेजारून आलेल्या परीक्षकबाईंनी मिरजेच्या तंबोऱ्याची तार तोडली होती. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. श्यामलाक्कांनी पिशवीतून तारेचं वेटोळं काढलं आणि शांतपणे नवी तार ओवायला घेतली. चार वाजायला वीस मिनिटं होती.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. तंबोरा बंद, खोलीत कसलाही सूर नाही, बाहेर पाण्याचा टँकर गुरगुरतोय, आणि गौरम्मानं डोळे मिटून सा लावला. आपला आपण, मनातून काढलेला. तिच्या घोळक्यातल्या दोघींनी तो उचलला. मग पलीकडच्या घोळक्यातल्या एकीनं विचारल्यासारखं श्यामलाक्कांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, तशी गौरम्मा थांबली आणि त्या दुसरीनं आपला लावला. मग तिसरीनं. एकेक करून चौदाजणींनी आपापला सा लावला, आणि कुणीही शेजारच्या घोळक्याच्या सुरात घसरली नाही.

माझ्या फोनमध्ये सूर तपासायचं यंत्र आहे. मी ते गुपचूप लावलं. एखाद-दुसरीचा सूर केसभर हलत होता. बाकीच्यांच्या वेळी काटा जागचा हलेना. टँकरच्या आवाजात, तंबोऱ्याशिवाय. मला स्वतःला ते रोज जमतं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

तार बसली. श्यामलाक्कांनी सूरपेटी हातात घेतलीच नाही. त्यांनी गौरम्माला पुन्हा सा लावायला सांगितला आणि तिच्या आवाजावर तंबोरा लावला. तो लागला तेव्हा गौरम्मानं भोपळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “इदु नन्नदु.”

“हा माझा, म्हणत्ये,” श्यामलाक्का म्हणाल्या. “सरी, बरं, आता चार वाजले. जाऊ द्या त्यांना, घरं वाट बघतात.”

परतताना, न्यायला आलेल्या ऋजुताच्या गाडीत बसल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, त्यामुळे चिडायला वेळही भरपूर मिळाला. या वर्गाला नापास करणारा तक्ता कुठल्या मूर्खानं काढला, ते तरी बघू म्हणून मी पिशवीतून फाइल काढली. पहिला रकाना नाव, दुसरा वय, तिसरा हजेरी. सहावा ‘शिकलेल्या रचनांची संख्या’. सातवा ‘सामूहिक सादरीकरण’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘सातवा रकाना रिक्त असल्यास वर्गाचा पुनर्विचार व्हावा.’

ते वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं. ‘पुनर्विचार व्हावा’ असं गुळमुळीत मीच लिहिते, सगळ्या सांगलीत दुसरं कुणी लिहीत नाही. एका देणगीदाराला वर्षाअखेर दाखवायला काहीतरी हवं होतं म्हणून बारा वर्षांपूर्वी हा तक्ता मी एका दुपारी बसून केला होता. शेजारी बसलेली ऋजुता खूश होऊन म्हणाली, “मॅम, मी सगळी नियमावलीच तुमची उचलली. एक शब्द बदलला नाही. तुमच्याएवढं क्लिअर इथे कुणालाच लिहिता येत नाही.”

मी फाइल मिटली. दुसऱ्याला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं, आणि आता त्या शिव्यांचं काय करायचं ते मला कळेना.

इलेक्ट्रॉनिक सिटी

विश्वस्तांची बैठक इलेक्ट्रॉनिक सिटीत होती, एका कंपनीच्या आवारात. तिथे जायला खांबांवरचा लांबलचक रस्ता आहे. त्यावरून गाडी सुटली की खालची माणसं, दुकानं, देवळं काही दिसत नाही, सगळं शहर कुणीतरी झाकून ठेवल्यासारखं वाटतं. फाटकावर माझा फोटो काढला, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, गळ्यात पट्टा घातला. आमच्या संस्थेत पाहुणा आला की आधी पाणी देतात.

विश्वस्तांमध्ये मुख्य गृहस्थ पन्नाशीचे आणि अतिशय सभ्य होते. लहानपणी गाणं शिकलेले. ते मला दुष्ट वाटले असते तर फार बरं झालं असतं. मी त्यांना हेब्बाळचं सगळं सांगितलं, तुटलेल्या तारेसकट. ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी एक साधा तोडगा सुचवला. वार्षिक कार्यक्रमात या चौदाजणींनी एका पट्टीत एक भजन म्हणावं, सातवा रकाना भरेल, वर्ग राहील. ऋजुतानं आशेनं माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर जाऊन श्यामलाक्कांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एका पट्टीत म्हटलं की सगळ्या म्हणतील हो. गौरम्मा ओठ हलवील. त्यासाठी का मी वर्ष घालवलं?”

आत येऊन मी नाही म्हणून सांगितलं. त्या गृहस्थांनी त्यांच्या नेहमीच्या सौम्य आवाजात हिंदीत विचारलं, चौदा बायका आणि वर्षात एक रचना, हे तुम्ही तुमच्या संस्थेत चालू दिलं असतं का?

हा प्रश्न मला कुणी विचारू नये म्हणून मी आदल्या दिवसापासून आतल्या आत चिडत होते. मी म्हटलं, “नाही. मी असे वर्ग बंद केलेत. हा तक्ता माझाच आहे.”

कुपवाडच्या कामगारवस्तीत आमचा एक वर्ग होता. शिकवणारे गृहस्थ म्हातारे, हट्टी, मुलांकडून महिनोन्महिने एकच सूर घोटून घेणारे. दोन वर्षं सातवा रकाना कोरा राहिला. मी त्यांना छापील पत्र पाठवलं आणि शेवटी शाल-नारळ दिला. नारळ तेवढा ते टेबलावर विसरून गेले. तो ते विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून गेले होते, हे मला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या त्या थंडगार खोलीत पहिल्यांदा कळलं. तिथे हे सगळं मी बोलले नाही. पण माझा आवाज चढला आणि मी मराठीत जे बोलले ते सभ्य नव्हतं. सूर मोजायला निघालेल्या माणसांना, म्हणजे मला आणि त्यांना, दोघांनाही मी कारकुंडे म्हटलं. ऋजुतानं त्याचं भाषांतर केलं नाही.

गृहस्थांनी पाणी पुढे केलं. ते म्हणाले, तुमची तळमळ कळते, पण शिफारस काहीतरी एक द्यावी लागेल, आजच दिली तर बरं. त्यांनी पेनही दिलं, भारी होतं. चालू ठेवा असं लिहिलं तर कोऱ्या सातव्या रकान्यावर बोट ठेवून ते दुसरा परीक्षक आणणार, हे उघड होतं.

पेन हातात धरून बसले असताना मला आठवलं. ऋजुतानं नियमावली सगळी उचलली होती, एक शब्द न बदलता. म्हणजे अकरावा नियमही उचलला असणार. आमच्याकडे एका नव्या अध्यक्षानं लहर लागली म्हणून एक वर्ग मधेच बंद केला होता, तेव्हा चिडून मीच तो घातला होता. परीक्षकाचा सहीसह अहवाल येईपर्यंत वर्ग आहे तसा चालू राहील. अहवाल किती दिवसांत यावा हे त्यात लिहिलेलं नाही. ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

मी पेन टोपण लावून परत दिलं, फाइल पिशवीत घातली आणि म्हटलं, सविस्तर विचार करावा लागेल, अहवाल सांगलीहून पाठवते. विश्वस्तांनी आनंदानं मान डोलावली. ऋजुतानं मात्र माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं ती माझ्या हाताखाली होती, मी ‘सविस्तर विचार’ कधी करते हे तिला पक्कं माहीत होतं. लिफ्टमध्ये ती हळूच म्हणाली, “मॅम, नियम अकरा ना?” मी म्हटलं, तू अजून वाचलेलं विसरत नाहीस. ती हसली नाही, पण तिनं माझी पिशवी उचलून घेतली.

सांगली

फाइल माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात, जुन्या निमंत्रणपत्रिकांखाली. विश्वस्तांच्या कचेरीतून दोनदा विचारणा झाली, मी दोन्ही वेळा पाहणी चालू असल्याचं कळवलं. फायलीवर बसायचं कसं हे मला वीस वर्षांत उत्तम जमलं आहे, आणि पहिल्यांदाच ते एखाद्या गाणाऱ्याच्या कामी येतंय. हे कायम चालणार नाही, ते मला कळतं. कुणीतरी अकरावा नियम बदलेल. पण हेब्बाळला आज दुपारी दोन वाजता तंबोरा लागला असेल.

माझा राग त्यानं उतरला असता. पण सोमवारी मी आमच्या संस्थेतल्या माझ्या स्वतःच्या वर्गात गेले. बावीस बायका, संध्याकाळी सहा ते सात. सगळ्या माझ्यासमोर ओळीत बसलेल्या आणि तंबोरा काळी चारला लावून तयार. इतकी वर्षं त्या सगळ्या काळी चारला गातात. का, तर माझी पट्टी काळी चार आहे. हे मला आजवर कधी दिसलंच नव्हतं, आणि मी निघाले होते बंगळूरला लोकांचे वर्ग तपासायला.

शेवटच्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसतात. तीन वर्षं नियमित येतात, एक दिवस चुकवत नाहीत. मी त्यांना समोर बोलावलं आणि म्हटलं, तंबोऱ्याकडे लक्ष देऊ नका, तुमचा सा लावा. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, “मी ओळीत ओठ हलवते हो नुसते. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं.”

मी पुन्हा म्हटलं, लावा. त्यांनी दोनदा घसा खाकरला, मग डोळे मिटून सूर लावला. खूप खालचा होता, भरदार, जरासा थरथरणारा. मी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि खुंट्या फिरवून तो त्यांच्या सुरापर्यंत उतरवायला लागले.